खटल्यातला एक बदल

लॉ कॉलेजच्या मॅडम मुद्दाम सुताराच्या घरी आल्या. त्याच्या बायकोने घरामागच्या कारखान्याच्या धुराविरुद्ध लढलेला खटला त्यांना मुलांच्या सरावाच्या लुटुपुटूच्या कोर्टासाठी घ्यायचा होता. तो खटला ती हरली होती आणि वर्ष उलटायच्या आत खोकत खोकत गेली होती.

“फक्त एक बदल केलाय, काका,” मॅडम चाचरत म्हणाल्या. “आमच्या खटल्यात काकू जिवंत आहेत. नाहीतर तो उभाच राहत नाही.”

“असू द्या की जिवंत,” सुतार म्हणाला. “माझी कशाला हरकत असेल?”

सरावाच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात पहिल्या बाकावर बसला. थोरल्या भावाचे वाटावेत असे ढगळ काळे कोट घालून मुलं भांडत होती. बायकोच्या बाजूचा मुलगा अडखळला, की सुतार बाकावर पुढे सरकायचा. कारखान्याच्या बाजूची मुलगी मात्र एकदाही अडली नाही. धूर सरकारने ठरवलेल्या मर्यादेत असेल, तर बाईंच्या हक्कावर गदा आलीच कुठे, असं तिने विचारलं. न्यायाधीश झालेल्या सरांनी मान डोलावली आणि अर्ज फेटाळला. टाळ्या पडल्या.

ती मुलगी लगबगीने सुताराकडे आली. “काका, राग नका धरू हं. चिठ्ठीत मला तीच बाजू आली.”

“राग कसला, पोरी? छान बोललीस.” तो उठला, पण त्याचा पाय निघेना. “आज ती जिवंत होती ना, म्हणून जिवाला लागलं. आता ती परत त्याच धुरात राहायला जाणार.”