उसनं पोहणं

शकुंतलाकाकू विहिरीत बुडाल्या. छे, तसं काही झालंच नाही.

झालं एवढंच, की सत्तरी उलटल्यावर काकूंनी गावच्या वाचनालयातून पोहणं घरी नेलं होतं. तिथली टोपी घातली की विद्या डोक्यात शिरायची आणि मुदत संपली की आपोआप कपाटात परत यायची. पुढचा नंबर सहा वर्षांच्या ओवीचा, म्हणून मुदतवाढ नव्हती. संध्याकाळी ग्रंथपाल खरातांनी कपाट उघडलं, तर पोहणं जमा झालेलं आणि काकू तर विहिरीवर! ते अनवाणीच धावत सुटले.

"काकू, बाहेर या! मुदत संपली!"

मधोमध काकू निवांत हात मारत होत्या. "कधी?"

"मघाशीच!"

"अगंबाई! तरीच दम लागतोय. पण रोज येत होते ना रे, हातांना सवय झालीय."

खरात पायरीवर मटकन बसले आणि रडता रडता हसले. मग त्यांना नियम आठवले. रीतसर त्यांनी वरच्या कार्यालयाला कळवलं: "विद्या परत करूनही ती वाचकाकडे शिल्लक आढळली आहे. तरी सदर शिल्लक त्यांच्या हातापायांतून वसूल करण्यासाठी पोहता येणारा अधिकारी तातडीने पाठवावा, ही विनंती."