फटीचं माप

चंदीगडच्या कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या स्वानंदकडे प्रस्तरारोहणाचं सगळं सामान जमलं होतं. राहिले होते ते कड्याच्या बारीक फटींत दोरासाठी अडकवायचे छोटे कॅम. परत करायच्या बोलीवर त्याने दोन साइझ आणले आणि सोसायटीच्या इमारतीला गेलेल्या तड्यात बसवून पाहिले. दोन्ही घट्ट बसले. कोणता ठेवावा, हे बायकोला विचारायला तो वर गेला.

खाली येतो तर सेक्रेटरी गिलसाहेब तड्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकत होते: 'दरार की मरम्मत पूरी हुई.'

"गिलजी, ये तो मेरे हैं," म्हणत स्वानंदने कॅम काढायला हात घातला.

"ओ जी, निकालो मत! बिल्डिंग गिर जाएगी!"

स्वानंदला हसू आलं. मग त्याने तड्याकडे नीट निरखून पाहिलं आणि हात हळूच मागे घेतला.