वाकडं बोट

“ते मूल काढून टाक,” संपादकबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन्सिल हस्तलिखितावर आडवी ठेवली.

लेखिकेने मांडीवरच्या दहा महिन्यांच्या लेकीला उगाचच जवळ ओढलं. हस्तलिखित तिच्या चौथ्या रहस्यकादंबरीचं होतं. शंभर वर्षांपूर्वीचा इजिप्त, वाळूत गाडलेली थडगी, आणि तिथे खोदता खोदता गुन्हेही उकरून काढणारी एक पुरातत्त्वज्ञ बाई. वाचक तिला लाडाने फावडेबाई म्हणत. पहिल्या तिन्ही पुस्तकांत फावडेबाई एकटी होती. या चौथ्यात तिला मूल झालं होतं.

“पण ताई, अख्खं रहस्य त्याच्यावरच...”

“नको म्हणजे नको. ते निघालं तर पुस्तक पुढच्या आठवड्यात छपाईला. नाहीतर हे बाड घरी घेऊन जा, बाई. अगं, थडग्यात उतरते तेव्हा बाळ कुणाकडे असतं? उंटावर बसते तेव्हा? समासात ‘बाळ कुठे?’, ‘बाळ कुठे?’ लिहून लिहून दमले मी. खुनी कोण, ते राहिलं बाजूला. मी बाळच शोधतेय!”

“तसंच होतं,” लेखिका म्हणाली.

“काय होतं?”

“अर्धं डोकं तिथेच राहतं.”

बोलता बोलता तिने टाचण्यांची डबी लेकीच्या हातापासून लांब सरकवली. तिसऱ्यांदा. संपादकबाई तावातावाने बोलत आणि त्यांच्या कोपराने डबी पुन्हा जागेवर येई. आज सासूबाईंना दवाखान्यात जायचं होतं आणि नवरा म्हणाला होता, ‘अर्ध्या तासाचं तर काम, ने की बरोबर.’ त्या अर्ध्या तासाचा आता दीड तास झाला होता.

“आणि तो शेवट! थडग्यातला निळा मणी हरवतो, सगळे त्या म्हाताऱ्या मुकादमावर आळ घेतात, आणि मणी सापडतो कुठे? बाळाच्या तोंडात!”

“कारण त्या दिवशी बाळ एकाच तंबूत रांगलेलं असतं. फोटोग्राफरच्या. मणी त्यानेच चोरून सतरंजीखाली लपवलेला असतो. आणि बाळाचा गाल हलतोय हे आईलाच दिसतं, ताई. बाकी कुणाचं लक्षही जाणार नाही.”

“ही कसली हुशारी? हा नुसता योगायोग. फावडेबाईला देवाने डोकं दिलंय, ते वापरू दे तिला.”

लेखिकेने डबी चौथ्यांदा लांब सरकवली.

“थांब, इथे मी भलत्याच ओळीवर खूण केलीये.” संपादकबाईंनी टेबल चाचपलं. कागद उचलले, चष्म्याचं घर उचललं. “माझा खोडरबर कुठे गेला? आत्ता इथे होता. हा शिपाई ना! टेबल पुसतो आणि वस्तू गडप करतो.”

त्यांनी बेल दाबली. म्हातारा शिपाई दारात येऊन उभा राहिला.

“मॅडम, सकाळपासून मी या टेबलाला हात लावलेला नाही.”

“मग त्याला काय पाय फुटले?”

लेखिका लेकीकडे बघत होती. पोरगी शांत होती. गेली पाच मिनिटं जरा जास्तच शांत होती. डावा गाल किंचित फुगलेला, जबडा सावकाश हलत होता.

तिने विचार केला नाही. हनुवटी धरली, तर्जनी गालाच्या आतून मागे सरकवली, आकड्यासारखी वाकवली आणि पुढे ओढली. पोरीने आधी कचकन चावा घेतला आणि मग भोकाड पसरलं. खोडरबर लाळेसकट हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर येऊन पडला. त्याच्यावर दोन दातांच्या खुणा होत्या.

लेखिका लेकीला थोपटू लागली.

“माझी झडती घ्यायची राहिली, मॅडम,” शिपाई म्हणाला. त्याने पुढे होऊन टाचण्यांची डबी उचलली, ती कपाटावर ठेवली आणि निघून गेला.

संपादकबाईंनी खोडरबर रुमालाने पुसला. त्याच्याकडे बघितलं, बाळाकडे बघितलं. मग शेवटच्या पानाच्या समासात लिहिलेलं ‘मूल वगळावे’ त्या खोडू लागल्या. लेखिका खुर्चीच्या कडेवर आली. रडणाऱ्या लेकीला थोपटणारा तिचा हात थांबला.

“पटलं मला,” खोडरबराचा चुरा फुंकत संपादकबाई म्हणाल्या. “मणी कुणाच्या तरी तोंडातच जायला हवा. त्यात मजा आहे.”

आणि मोकळ्या झालेल्या जागी त्यांनी एक शब्द लिहिला. लेखिकेने तो समोरून, उलटा वाचला.

“मांजर?”

“वाचकांना मांजर फार आवडतं. आणि ते कुणाकडे ठेवायचं हा प्रश्नच नाही!” त्यांनी भराभर मागची पानं उलटली. “हे बघ, पान अठ्ठावन्न. ‘दूध पिऊन बाळ झोपलं.’ ‘दूध पिऊन मांजर झोपलं.’ आहे की नाही? काही बदलावंच लागत नाही.”

लेखिकेने बोट रुमालाला पुसलं. नखाच्या मुळाशी दोन बारीक लाल खुणा उमटल्या होत्या. ती उठली, लेकीला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने हस्तलिखित पेन्सिलीखालून ओढून घेतलं.

“मांजर तोंडात बोट घालू देत नाही, ताई.”