पेचकस कानाला

“मागच्या खेपेपासून तुह्या हातची गाडी पहिल्याहून मस्त पळते गा गोविंदा.”

आनंदराव हे गल्लीपलीकडे, गॅरेजच्या दारात म्हणाले. नत्थूजींनी आपल्या ओसरीवरून ते त्यांच्या ओठांवर वाचलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पहिल्याहून म्हणजे कोणाहून? नत्थूजींहूनच की! ज्या आनंदरावांची फटफटी त्यांनी लेकरासारखी सांभाळली, ते आज गोविंदाच्या खांद्यावर हात टाकून उभे होते.

गॅरेज गोविंदावर सोपवताना नत्थूजींनी अख्ख्या धंतोलीला गुडघ्यांचं कारण सांगितलं होतं. खरं काय ते फक्त बायकोला, रंभाबाईला ठाऊक. कान गेले होते, पार ठार. आणि मिस्त्री म्हणून त्यांचं नाव होतं ते कानांवरच. पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला, मूठ कानाला लावून डोळे मिटले की आतलं दुखणं त्यांना कळलंच म्हणून समजा. पेट्रोल महागल्यापासून तर लोक गाड्यांना फारच जपत, आणि त्यांचा भरवसा अजून त्या पेचकसावरच. म्हणून गोविंदा दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी ढकलत ओसरीपुढे आणी, किक मारी, आणि नत्थूजींनी मान डोलावली की मगच गाडी घरी जाई. नत्थूजी दुसरा हात हळूच टाकीवर ठेवत. थरथर एकसारखी लागली की मान डोलावत. आजवर कोणाला शंका आली नव्हती.

गोविंदा इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली राबला, पण कधी उलटून बोलला नाही. त्याचाच तर जास्त राग येई. हा माणूस कधी चुकतच कसा नाही?

आज चुकेल, नत्थूजींनी ठरवलं.

गोविंदाने आनंदरावांची गाडी आणून उभी केली. मध्ये सायकलरिक्षांची गर्दी, पलीकडून आनंदराव मान उंचावून पाहत होते. नत्थूजींना धीर कुठला! त्यांनी पेचकस लावला, डोळे गच्च मिटले. टाकीवर हात ठेवायची आज गरजच नव्हती, निकाल आधीच लागला होता. जरा वेळ तसंच बसून त्यांनी नकाराची मान हलवली.

“वाल्व वाजून राह्यला. घाई केली तुनं. इतकी वर्सं काय शिकला गा माह्यापाशी?”

डोळे उघडले तर गोविंदा एकटक त्यांच्याकडे पाहत होता. चेहरा पडला वाटतं बेट्याचा, नत्थूजींच्या मनात आलं आणि त्यांना फार बरं वाटलं.

आनंदराव रस्ता ओलांडून आले. “काय म्हंतेत गा उस्ताद?”

गोविंदा नत्थूजींना ओठ दिसतील असा वळून सावकाश म्हणाला, “वाल्व वाजते म्हंतेत. माहीच चूक हाय. उद्या घेऊन जा.”

“म्हणूनच आमी दुसरीकडं जात नाही.” आनंदरावांनी नत्थूजींना हात जोडले. “हे कान हायेत तोवर फिकीर नाही.”

ते कोपऱ्यावरून दिसेनासे होईतो गोविंदा जागचा हलला नाही. मग त्याने वाकून पेट्रोलचा कॉक उघडला, नत्थूजींचा हात धरून टाकीवर ठेवला आणि आतापर्यंत बंदच असलेल्या गाडीला पहिली किक मारली.