पोस्टरवरचे सात रंग

‘नुसती तपासणी आहे’ म्हणून आलेल्या, व्हीलचेअरवरच्या धाकट्या भावाला घरी न्यायला केतकी गुडगावच्या क्लिनिकमध्ये शिरली आणि भिंतीवरचं पोस्टर बघून तिचं डोकंच फिरलं. मज्जारज्जूतल्या चेतापेशींचा सात रंगांतला फोटो, खाली लिहिलेलं, ‘स्टेम सेलच्या इंजेक्शननंतरचा आमचा पेशंट’. पेशंट कसला! कोंबडीच्या पाच दिवसांच्या गर्भाचा फोटो होता तो, तिच्याच पीएचडीतला. कोपऱ्यातला हवेचा बुडबुडासुद्धा तोच. “ये फोटो मेरी है!” ती डॉक्टरवर ओरडली. “सात रंग, सात तरह के सेल. आपकी शीशी में कौनसा है?” “मॅडम, नर्व तो नर्व होती है.” तिने व्हीलचेअर गर्रकन वळवली. “चल, आशय! कुठली पेशी पाय हलवते आणि कुठली चटका ओळखते, हेसुद्धा ठाऊक नाही यांना. इथे काहीएक टोचून घ्यायचं नाही.” “सकाळीच टोचलं, ताई,” तो म्हणाला. “वेबसाइटवर तुझा हा फोटो बघूनच तर आलो.”