हातची धिरडी

कोरियातल्या छुसकच्या सणाला पितरांपुढे मांडायची मुगाची धिरडी सासूबाई दरवर्षी मिरान सासरी पोचायच्या आतच करून ठेवायच्या. मग सणभर मनगटाला दुखण्यावरच्या औषधी पट्ट्या चिकटवून मिरवायच्या. "या करपलेल्या कडा बघ, सूनबाई. हातचं ते हातचं. विकतच्या धिरड्यांना आपले पितर तोंड लावत नाहीत."

यंदा सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि मिरानला धड एक धिरडं उलटता येत नव्हतं. चौथं धिरडं तव्याला चिकटलं, तशी आतल्या खोलीतून हाक आली, "घरभर धूर केलास. पितर यायचे ते दारातूनच परत जातील."

सासूबाईंचा झाकणावर बगळा कोरलेला डबा पिशवीत लपवून आणि तोंडाला मास्क लावून मिरान मागच्या दाराने थेट बाजारात गेली. धिरड्यांच्या गाड्यावरच्या मावशीने कात्रीने एक तुकडा कापून तिच्यापुढे धरला. मिरानने मास्क खाली ओढून तो चाखला आणि तिच्या जिवात जीव आला. चव अशी जमलेली, की सासूबाईंनाही फरक कळला नसता.

"डबाभर द्या, मावशी," डबा पुढे करत ती हळूच म्हणाली, "आणि कुणाला सांगू नका."

मावशीने झाकणावरचा बगळा नीट पाहिला.



"इतकी वर्षं कुणाला सांगितलंय का? बस जरा, कडा नेहमीसारख्या करपवून देते."