दहा टक्के बीन्स

आर्लीनने सरकारी पाकीट टेबलावर ठेवलं, तेही न फोडलेलं.

“हे कसलं?” हॅस्केलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या दर मार्चला गावच्या वाचनालयात बसून लोकांचे कराचे कागद फुकट भरून देत. आर्लीनला गणित त्यांनीच शिकवलं होतं.

“बेकारभत्त्याचं असेल. त्याचं काय एवढं? ती मदत होती बाई, कमाई नव्हे.”

“सरकारच्या लेखी कमाईच. गिरणीतल्या पगारासारखाच कर लागतो त्याच्यावर.”

आर्लीनने मनातल्या मनात हिशेब केला. घर तापवायची भट्टी जानेवारीत बंद पडली होती. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात, लाकडाच्या चुलीपाशी झोपत होती. दुरुस्तीसाठी कसेबसे नऊशे डॉलर साठवले होते. आता ते गेलेच म्हणायचे.

बाईंनी पाकीट फोडून कागदावरून बोट फिरवलं. “अगं, कर तर आधीच कापलाय! आठवड्याला अडतीस डॉलर. तुला एक पैसा भरायचा नाही, उलट चाळीसेक परत मिळतील. शहाणी माझी पोर, अर्जात कर कापायच्या चौकटीत बरोबर खूण केलीस.”

“मी नाही केली,” आर्लीन पुटपुटली.

खूण व्हर्न पेल्कीने केली होती. कागदाची गिरणी बंद पडली तेव्हा युनियनचा माणूस म्हणून सगळ्यांचे भत्त्याचे अर्ज त्यानेच भरले. ‘करापोटी दहा टक्के दर हप्त्यातून कापू द्यायचे ना?’ त्याने विचारलं होतं. ‘कर काय करायचं ते,’ ती रडत म्हणाली होती. मग हप्ता कमी आला आणि तिने गावभर त्याच्या नावाने बोटं मोडली. तेवढ्यावर भागलं नाही. चर्चमधल्या शनिवारच्या जेवणात बीन्स वाढायचं काम तिच्याकडे. वर्षभर तिने व्हर्नच्या ताटात एक डाव पुरता भरून वाढला नाही, आणि बीन्समध्ये शिजवलेला डुकराच्या मांसाचा तुकडा तर चुकूनही नाही. तो बापडा ‘थँक यू, आर्लीन’ म्हणून पुढे सरकायचा.

आत्ताही तो दाराजवळच्या खुर्चीत आपला नंबर यायची वाट पाहत बसला होता. येताना तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

ती उठली आणि सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. डोळे भरून आले होते.

“व्हर्न, माझी भट्टी वाचली रे तुझ्यामुळे. आणि मी मेली तुला काय काय बोलले!”

“ऐकलंय सगळं.”

“शनिवारी सकाळपासून काही खाऊ नकोस. वर्षभर कापलेल्या सगळ्या बीन्स परत करायच्यात मला. मांसाच्या तुकड्यांसकट.”

व्हर्नने हॅस्केलबाईंकडे चोरून पाहिलं. “अगं, हळू बोल. बाईंनी ऐकलं, तर तेही कमाईत धरतील.”

मग तिला बसता यावं म्हणून शेजारच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलून त्याने मांडीवर घेतला.